झुंबरबाईचे बांगड्यांचे डबे

पेडगावात झुंबरबाईचं घर विचारलं की लोक आधी हसायचे आणि मग हात करून दाखवायचे. "कोणती झुंबर? किडेवाली का? जा असंच सरळ, लिंबाखालचं घर." आता यात हसण्यासारखं काय होतं? गावात कुणी पितळेची भांडी जमवतं, कुणी भांडणं जमवतं, कुणी दुसऱ्याच्या घरातल्या भानगडी जमवतं. त्यांना कुणी हसत नाही. ही बाई किडे जमवायची. कुणाचं काय खात होती? पण गावाच्या तोंडाला झाकण घालणार कोण!

सात डबे होते तिच्याकडे. कासार बांगड्या घेऊन येतो ना, ते पुठ्ठ्याचे चपटे डबे. मागून मागून आणलेले. डब्याच्या तळाला ज्वारीच्या ताटातला भेंड उभा चिरून बसवलेला. पोरं ज्याच्या बैलगाड्या करतात तोच, हलका आणि मऊ. त्या भेंडात बाभळीचे काटे खोवलेले आणि एकेका काट्यावर एकेक किडा. हिरवे चकचकीत सोनकिडे, लिंबाचा पाला खाणारे तपकिरी भुंगेरे, लांब मिशांचे, सोंडेचे, शिंगाचे. कसर लागू नये म्हणून कोपऱ्यात कापूर आणि लिंबाचा पाला. मुंग्या चढू नयेत म्हणून ज्या तिवईवर डबे ठेवायचे तिचे पाय पाण्याच्या वाट्यांत. घरात तुपाच्या गाडग्याचीसुद्धा एवढी निगा नव्हती, असं तिच्या जावा म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

हा नाद लागला कसा, तेही ऐका. अठ्ठेचाळीस सालच्या भादव्यात रझाकारांच्या धास्तीनं गावच्या बायापोरी शेतात दडल्या होत्या. झुंबरबाई आठ वर्षांच्या मनकर्णाला घेऊन डोक्याच्या वर गेलेल्या ज्वारीत तीन दिवस बसली. पोर भुकेनं रडायला लागायची आणि रडणं बाहेर ऐकू गेलं की संपलंच. ज्वारीच्या पानावर एक सोनकिडा बसला होता. झुंबरबाईनं तो उचलून पोरीच्या तळहातावर ठेवला आणि कानाशी कुजबुजली, "ह्याचे पाय मोज." पोर रडायची थांबली. सहा भरले. मग दुसरा किडा, मग तिसरा. तीन दिवस त्या दोघी मायलेकी पाय मोजत बसल्या आणि जित्या घरी आल्या. पोरीचा जीव ज्यांनी वाचवला त्यांना विसरायचं कसं? झुंबरबाई विसरली नाही. तो पहिला सोनकिडा मेला तेव्हाही तिनं तो टाकला नाही, जपून ठेवला.

तेव्हापासून खुरपताना, गोवऱ्या थापताना, धान्य पाखडताना तिची नजर किड्यावर. जितं मात्र कधी टोचलं नाही. मेलेला सापडला तरच उचलायचा, हा तिचा नेम. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, म्हणून तिनं आपली रीत बसवली ती नक्षत्रांवर. रोहिणीचा डबा वेगळा, मृगाचा वेगळा, आश्लेषाचा वेगळा. जो किडा ज्या नक्षत्रात पहिल्यांदा दिसला तो त्या डब्यात. मृगाचा तो लाल मखमली किडा असतो ना, त्याला मात्र तिनं निराळा बसवला होता. का? तर त्याचे पाय आठ भरले. "ह्यो किडा न्हाईच," ती म्हणायची, "ह्यो कोळ्याच्या जातीचा. मखमल पांघरली म्हणून काय झालं?" मनकर्णा चौथीपर्यंत शिकली होती. निजामाच्या राजवटीतले जुने उर्दू छापील कागद कुणीतरी रद्दीत दिले होते, त्यांच्या कोऱ्या पाठीवर ती आईनं सांगितलेलं लिहायची: कुठं सापडला, काय खातो, कधी येतो. अक्षर कसं म्हणाल तर निवडून ठेवलेल्या गव्हासारखं.

नवरा पंडित गरीब स्वभावाचा. दिवसाला दहा शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी. घर चालायचं ते थोरल्या भावाच्या, व्यंकटरावांच्या, हुकमानं. आणि भासऱ्यासमोर झुंबरबाईनं लग्नापासून वीस वर्षांत तोंड उघडलं नव्हतं. तशी रीतच होती. भासरे ओसरीवर असले की हिनं पदर ओढून दाराआड व्हायचं. त्यांना काही सांगायचं तर ते पंडितला सांगणार आणि पंडित हिला. तिला काही सांगायचं तर उलट्या वाटेनं. त्यातलं अर्धं पंडितच्या पोटातच राहायचं, ते वेगळं.

आता मनकर्णाला अठरावं लागलं होतं. त्या काळात अठरा म्हणजे घोडनवरीच की! ज्येष्ठात बोरीहून आश्रुबा पाहुणे म्हणून आले. बागायतदार माणूस, घर मातब्बर, मुलगा राधाकिशन सातवी पास. असं स्थळ पुन्हा यायचं नाही हे सगळ्यांना कळत होतं. सतरंजी अंथरली, हातपाय धुवायला पाणी दिलं, आत चहा उकळायला लागला. मनकर्णा नवं लुगडं नेसून कपबशांचं ताट धरून दाराआड उभी राहिली.

आणि व्यंकटरावांनी घोळ घातला. स्वतः, स्वतःच्या हातानं. पाहुण्यांसमोर ऐट दाखवायची म्हणून म्हणाले, "घ्या, आधी पानसुपारी घ्या," आणि मागं न बघताच कोनाड्यात हात घातला. पानाचा डबा आणि किड्यांचे डबे, पाहुणे येणार म्हणून झुंबरबाईनं सगळे एकाच कोनाड्यात उचलून ठेवलेले. हाताला जो लागला तो डबा त्यांनी आश्रुबांच्या मांडीसमोर सरकवला. आश्रुबांनी झाकण उघडलं.

आत चाळीस किडे. प्रत्येकाच्या अंगातून बाभळीचा काटा आरपार. प्रत्येकाखाली चिठ्ठी.

तुम्ही असता तर काय समजला असता? आपल्या मुलखात वाटेत पडलेल्या लिंबाला टाचण्या टोचलेल्या दिसल्या तरी माणूस वाट सोडून चालतो. आश्रुबांचा चेहरा उतरला. डबा तिथंच टाकून ते ताडकन उठले. "भानामती! अरे, ही भानामती हाय! चला रे, उठा. पाणीसुद्धा पिऊ नका हितलं."

पाहुणे जोडे हातात घेऊन निघाले. पंडित त्यांच्या मागं वेशीपर्यंत धावला. दाराआड मनकर्णा ताट धरून तशीच उभी होती. चहावर साय धरली. मुलगी पाहायला आलेली माणसं मुलीला न पाहताच निघून गेली होती.

गोष्ट गावभर झाली, मग शिवारभर. कुणाची म्हैस आटली, झुंबरनं केलं. कुणाच्या सुनेला दिवस जाईनात, झुंबरनं केलं. पाणवठ्यावर बाया तिला बघून घागर पदराखाली घ्यायला लागल्या. पावसाळ्यात आणखी दोन स्थळांचे निरोप आले: सध्या आमचं करायचं नाही. सगळ्यांना माहीत होतं की करायचं होतं, फक्त या घरचं नको होतं. झुंबरबाईला त्या दिवसांत जेवण गोड लागलं नाही. एकदा तर तिनं स्वतःच चुलीपुढं डबा नेला. मनकर्णानं तिचा हात धरला. "माय, तू ह्यास्नी जाळलंस म्हंजी लोक म्हणतील, खरंच होतं म्हणून जाळलं." पोरीला आईपेक्षा जास्त कळत होतं, हे खरं.

व्यंकटरावांनी पंडितला बोलावून सांगितलं, "घट बसायच्या आत घर धुवायचं, सारवायचं. त्याच्या आधी ते डबे उकिरड्यावर नेऊन जाळ. देवीच्या घटाशेजारी ही घाण मी ठेवू द्यायचो न्हाई." पानाचा डबा समजून ती घाण आपणच पाहुण्यांपुढं ठेवली होती, हे ते सोयीनं विसरले होते. मोठ्या माणसांना असं विसरायला येतं.

आणि काय झालं कोण जाणे, पंडित बोलला. "दादा, पितरपाठात परभणीला शेतीचं प्रदर्शन भरायलंय. दवंडी झालीय, ज्याच्याकडं जे चांगलं असंल ते आणा म्हणून. एकदा साहेबाच्या नजरंखालून काढू. साहेब म्हणाला भानामती, तर मी माझ्या हातानं काडी लावतो. न्हाई म्हणाला, तर तुमी त्या डब्यास्नी हात लावायचा न्हाई." वर्षभराचे शब्द त्यानं एका दमात खर्चून टाकले. व्यंकटराव मिशीवर हात फिरवून म्हणाले, "चालंल. मी सवता येतो. कानानं ऐकायचंय मला."

प्रदर्शन भरलं ते पितरपाठातच. सरकारला कसले पितर! आपला मुलूख मुंबई राज्यात जाऊन दोन वर्षं झाली होती, नवे साहेब आले होते, त्यांना तिथीबिथीचं सोयरसुतक नव्हतं. बैलगाडीच्या हिसक्यानं किड्यांचे पाय मोडतील म्हणून झुंबरबाई रेल्वेनं निघाली. सातही डबे मांडीवर, वर पदर झाकलेला. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय लेकराला निजवलंय का?" झुंबरबाई म्हणाली, "व्हय."

मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, पटांगणात मांडव घातला होता. एकीकडं हातभर कणसं, दुसरीकडं भोपळे, मागं बैलांच्या रांगा. झुंबरबाईला जागा मिळाली ती भोपळ्यांच्या कडेला. डबे उघडल्यावर माणसं गोळा झाली, पण हात दोन हात अंतर ठेवून. "पेडगावची भानामतीवाली ती हीच," असं कुणीतरी म्हणालं आणि गर्दी आणखी वाढली. त्या गर्दीत बोरीचे आश्रुबाही होते. आपली खिलारी जोडी घेऊन आले होते, राधाकिशनही बरोबर. आश्रुबा लांब उभे राहिले, राधाकिशन मात्र पुढं सरकून चिठ्ठ्या वाचायला लागला.

साहेब आला. शेतकी कॉलेजातला, किड्यांच्या विषयाचा. पन्नाशीचा, चष्मेवाला, पांढरी विजार. त्यानं पहिल्या डब्यात डोकं घातलं आणि बराच वेळ ते वर काढलंच नाही. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. व्यंकटराव काड्याची पेटी खिशात चाचपत उभे होते.

"मृगाचा किडा वेगळा का ठेवला?" साहेबानं विचारलं.

पंडितनं झुंबरबाईकडं पाहिलं. भासरे समोर, ती पदर ओढून खाली बघत उभी. पंडितच म्हणाला, "ती म्हणती, त्याचे पाय आठ हायेत."

"अगदी बरोबर!" साहेब उद्गारला. "कॉलेजात पोरं चुकतात हो इथं." तो पुढं सरकला आणि हस्ताच्या डब्यापाशी अडला. एकाच चिठ्ठीवर दोन शेणकिडे होते, एक डोक्यावर शिंग असलेला, एक बिनशिंगाचा. चिठ्ठीवर मनकर्णाच्या अक्षरात लिहिलेलं: नवरा-बायको. शेणाखाली एका बिळात राहतात.

साहेब हसला. "इथं मात्र चुकलात, बाई. हे दोन वेगळे किडे आहेत. तिकडं मांडलेल्या आमच्या काचेच्या पेटीत बघा, दोन वेगळ्या खणांत, दोन वेगळ्या नावांनी आहेत."

झालं. व्यंकटरावांना तेवढंच पाहिजे होतं. "सांगितलं नव्हतं? सगळा खोटा खेळ हाय! पंडित, उचल ते डबे."

झुंबरबाईच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? ती ज्वारी, ती आठ वर्षांची पोर, आणि ताट धरून दाराआड उभी असलेली अठरा वर्षांची पोर. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला, मान वर केली आणि भासऱ्यासमोर, साहेबासमोर, बोरीच्या पाहुण्यांसमोर तोंड उघडलं.

"चूक माझी न्हाई, साहेब. पेटीची हाय. मी वीस वर्षं शेण काढायलेय. तुमी किती काढलंय?"

मांडवात हशा पिकला. व्यंकटरावांचा हात काड्याच्या पेटीवर तसाच राहिला. साहेबाचे कान लाल झाले, पण माणूस खरा होता. म्हणाला, "दाखवा मग."

झुंबरबाईनं कंबरेचं खुरपं काढलं आणि बैलांच्या रांगेकडं निघाली. मागून सगळं प्रदर्शन. भोपळे राखायला कुणी उरलं नाही. दोन दिवस बैल एका जागी बांधलेले, भुई ओली, शेणाचे पो पडलेले. तिनं पहिला पो उलथला. काही नाही. लोक खिदळले. दुसरा उलथला. बिनशिंगाचा एकटाच. "बायको माहेरी आलीय वाटतं!" कुणीतरी ओरडलं. झुंबरबाईनं ऐकलंच नाही. ती एका मोठ्या पोजवळ गेली. ओल्या मातीचा बारीक ढिगारा वर आलेला तिला दिसला होता. तिथं बांधलेली जोडी कुणाची? आश्रुबांच्या खिलारी बैलांची. तिनं शेण बाजूला सारलं, बिळाचं तोंड सापडलं, आणि खुरप्यानं हळूहळू, जखमेवरची पट्टी काढावी तशी माती काढत गेली. वीतभर खाली पोकळी लागली. तिच्यात शेणाचा एक गुळगुळीत गोळा, आणि गोळ्याच्या एका अंगाला शिंगवाला, दुसऱ्या अंगाला बिनशिंगाची.

साहेब पांढऱ्या विजारीसकट शेणात गुडघे टेकून बसला.

"एकदा योगायोग असू शकतो," तो पुटपुटला. झुंबरबाईनं शेजारचं बीळ खणलं. पुन्हा जोडी. तिसरं खणलं. पुन्हा जोडी. "आता सांगा, साहेब," ती म्हणाली, "ह्या गोळ्यात तिनं अंडं घातलंय. लेकराच्या तोंडचा घास दोघं मिळून वळायलेत. असं कोण वळतं? शेजारीपाजारी?"

साहेब उठला, मांडवात गेला, आपली काचेची पेटी उघडली आणि दोन चिठ्ठ्या काढून टराटरा फाडल्या. मग खिशातून भिंग काढलं, पितळी कडीचं, हात लागून लागून झिजलेलं, आणि झुंबरबाईच्या हातात ठेवलं. "हे माझं आहे, पण तुमच्याकडं जास्त कामाला येईल. बाई, कुठं शिकलात हे?"

"गोवऱ्या थापता थापता," झुंबरबाई म्हणाली. तेव्हा जी काही टाळी पडली, ती मोंढ्यात आडतीच्या लिलावालाही कधी पडली नसेल. तिनं तिन्ही जोड्या परत बिळात ठेवून वर माती लोटली आणि मगच हात धुतले. परत जाताना रेल्वेत व्यंकटराव खिडकीतून बाहेर बघत बसले होते. काड्याची पेटी त्यांनी परभणीच्या स्टेशनावरच कुणाला तरी देऊन टाकली होती.

पितरपाठात सोयरिकीचं बोलत नाहीत, म्हणून आश्रुबांनी त्या दिवशी चकार शब्द काढला नाही. घट बसले. डबे कोनाड्यातच राहिले. दसरा उजाडला. संध्याकाळी आश्रुबा आणि राधाकिशन पेडगावात हजर, हातात आपट्याची पानं. ज्या ओसरीवरून जोडे हातात घेऊन पळाले होते, त्याच ओसरीवर बसून आश्रुबांनी आधी तांब्याभर पाणी मागून घेतलं. घटाघटा प्यायले, सगळ्यांना दिसेल असं.

"सोनं घ्या," ते म्हणाले. मग बंडीच्या खिशातून काड्याची पेटी काढली. "आणि ह्ये बी बघा जरा. आमच्या तुरीवर ह्ये लय दिसायलेत. मारावं का काय करावं, कळंना गेलंय."

झुंबरबाईनं पेटी उघडली आणि भिंग डोळ्याला लावलं. लाल पाठीवर काळे ठिपके. "मारू नका, पाव्हणं. ह्यो पीक खात न्हाई. पिकावरचा मावा खातो. ह्याला पुन्हा तुरीवर नेऊन सोडा."

आश्रुबांनी मान डोलावली. पेटी परत बंडीत ठेवली. मग ते चाचरत म्हणाले, "एक विचारायचं व्हतं. आमचा राधाकिशन त्या दिसापासून येकच धोशा लावून बसलाय. त्या डब्यातल्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर कोणाचं हाय?"

झुंबरबाईनं दाराकडं पाहिलं. "जिला न बघता तुमी उठून गेलात," ती म्हणाली, "तिचं."

आश्रुबांनी दोन्ही हात जोडले. या खेपेला चहावर साय धरली नाही.

लग्न माघात झालं. रुखवत मांडलं तेव्हा आश्रुबांचा निरोप आला: पापड-कुरड्या असू द्या, पण ते सात डबे मधोमध पाहिजेत. ज्या डब्यांनी सोयरीक मोडली होती ते रुखवताच्या मधोमध बसले, आणि त्यांच्यापाशी राखण करायला कोण? व्यंकटराव! फेटा बांधून, हातात काठी घेऊन. "हात लावू नका, बाई, पाय मोडतील. ह्यो बघा, मृगाचा. ह्याचे पाय आठ. ह्यो किडाच न्हाई, कोळ्याच्या जातीचा हाय." बोरीच्या बाया तोंडात बोट घालून ऐकत होत्या. जन्मभर किडेच पाळत आल्यासारखे व्यंकटराव सांगत होते. झुंबरबाई दाराआडून ऐकत होती आणि पदरात तोंड घालून हसत होती.

तेवढ्यात एका म्हातारीनं कोपऱ्यातल्या एका हिरव्या चकचकीत किड्यावर बोट रोखलं. "ह्याचं काय?"

व्यंकटराव अडले. ह्या डब्यापर्यंत त्यांचं पाठांतर पोचलं नव्हतं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. पंडित जवळच उभा होता, पण त्यांनी पंडितला हाक मारली नाही. दाराकडं वळले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "झुंबर, ये बरं हितं. ह्यो कोणता गं?"

झुंबरबाई उंबरा ओलांडून भासऱ्यासमोर येऊन उभी राहिली. मुंडावळ्या बांधलेली मनकर्णाही आतून मान काढून बघत होती.

"सोनकिडा," झुंबरबाई म्हणाली. "ज्वारीतला. अठ्ठेचाळीस सालचा. ह्याचे पाय माझ्या लेकीनं मोजलेत."

मुंडावळ्या सावरत मनकर्णा आतूनच ओरडली, "सहा!"